प्रतिमांचा खेळ आणि मिरजेची कमान

उत्तर-आधुनिकतेवरच्या मराठी लेखनात आणि पदव्युत्तर वर्गांतील व्याख्यानांत अँडी वॉरहोलची मेरिलिन मन्रो इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिचा केवळ उल्लेख होतो. उल्लेखामागोमाग निष्कर्षही ठरलेला असतो. एका चेहऱ्याच्या पन्नास प्रती मांडल्या की 'मूळ' संपते, चिन्हित गळून पडते, उरतो तो चिन्हकांचा मुक्त खेळ. मग हाच निष्कर्ष उचलून तो जाहिरातींची भाषा वापरणाऱ्या मराठी कवितेला, चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना आणि अलीकडे चौकाचौकांतल्या फ्लेक्सफलकांना लावला जातो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या निष्कर्षाला आहे. तो वॉरहोलच्या बाबतीतही खरा नाही, आणि सातारा-सांगलीच्या मुलखात तर तो उघड खोटा ठरलेला आहे. तरीही तो टिकून राहतो, याचे कारण आपल्या समीक्षेच्या जुन्या सवयींत आहे. आयात केलेल्या सिद्धान्तांना त्यासाठी फारसा दोष देता येणार नाही.

स्क्रीनप्रिंट करताना नेमके काय घडते हे आधी पाहायला हवे. या चर्चेत हिरिरीने भाग घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी छापखान्याची पायरी चढलेली नसते. (लग्नपत्रिका, पिशव्या आणि दुकानांचे स्टिकर स्क्रीनवर छापून देणारी दुकाने आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी होती. अर्धा तास तिथे उभे राहिले असते तरी पुष्कळ सैद्धान्तिक गोंधळ टळला असता.) प्रथम छायाचित्राचे ठिपक्यांत विघटन करून त्याची पारदर्शक फिल्मवर पॉझिटिव्ह काढतात. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदी लेप देतात, त्यावर ही फिल्म ठेवून प्रकाश पाडतात. प्रकाश जिथे पोचतो तिथे लेप घट्ट होतो. फिल्मवरच्या काळ्या ठिपक्याखाली तो मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. मोकळ्या झालेल्या त्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई ओढली की खालच्या कागदावर वा कापडावर छाप उमटतो. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, आणि रंग एकमेकांवर नेमके बसवणे हे कारागिराचे कसब मानले जाते.

वॉरहोलने हे कसब हेतुपुरस्सर नाकारले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मन्रो मरण पावली आणि त्यानंतर लगेचच त्याने 'नायगारा' या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले तिचे छायाचित्र जाळीवर चढवले. ओठांचा रंग ओठांबाहेर गेला, पापण्यांवरची निळाई घसरली, कुठे शाई कमी पडून चेहरा पुसट झाला तर कुठे जास्त होऊन काळवंडला. 'मेरिलिन डिप्टिक'मध्ये असे पन्नास चेहरे आहेत, अर्धे रंगीत आणि अर्धे काळे-पांढरे. काळ्या-पांढऱ्या बाजूचे चेहरे उजवीकडे सरकत विरत जातात. हे सारे आपण 'पाहतो' ते कशाच्या आधारे? तो चेहरा कोणाचा, ती कशी मेली, आणि हे छायाचित्र मुळात कोणत्या धंद्यासाठी काढले होते, हे ठाऊक असल्याच्या आधारे. ते ज्ञान काढून घेतले तर उरतो एक बिघडलेला छाप. म्हणजे चिन्हित गळून पडलेले नाही; सगळी रचना त्याच्याच खांद्यावर उभी आहे.

इथे आपल्या जुन्या सौंदर्यशास्त्राची अडचण उघडी पडते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत पाहिले. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींनी ते उलगडता येते असे मानले. चित्रातील वस्तू कोणती, ती जगात कुठे असते, तिच्याशी आपले काय नाते आहे, हे प्रश्न त्या विचारव्यूहात सौंदर्याच्या कक्षेबाहेरचे ठरतात. मर्ढेकरांचा विचार तर्कशुद्ध होता, आणि बोधवादाच्या काळात कलेची बाजू मांडण्याचे त्याचे ऐतिहासिक काम मोठे आहे. पण छायाचित्रावर आधारलेल्या छापचित्रासमोर तो निःशस्त्र होतो. या चित्रातला समतोल दाखवता येईल, रंगांचा विरोध दाखवता येईल. मात्र त्या पिवळ्या केसांच्या जागी कोणत्याही अनोळखी बाईचे केस असते तरी लयीत काही फरक पडला नसता. चित्र मात्र नाहीसे झाले असते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली, ती या दृष्टीने अधिक उपकारक होती. तथापि त्या ग्रंथाचे आपण काय केले? परीक्षेपुरते त्याचे सारांश लिहिले आणि लौकिकाचा ध्रुव समाजशास्त्राच्या विभागाकडे सोपवून मोकळे झालो.

आता गंमत अशी की, चिन्हांच्या मुक्त खेळाची नवी भाषा ही त्या जुन्या स्वायत्ततावादाचीच पुढची आवृत्ती आहे. मर्ढेकरांनी वस्तूला चौकटीबाहेर ठेवले, बोद्रियारच्या मराठी अनुयायांनी वस्तूच नाही असे जाहीर केले. दोन्हींकडे समीक्षकाची सोय एकच: रस्त्यावर उतरण्याची गरज नाही. संरचनावाद, विरचना, प्रतिरूपवाद अशी नावे बदलत गेली आणि समीक्षक आपल्या खुर्चीतच राहिला. म्हणूनच वॉरहोलच्या कामांतून मन्रो आणि सुपाचे डबे तेवढे निवडले जातात, १९६३-६४ मधील 'रेस रायट' या मालिकेचे नाव क्वचितच येते. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे नागरी हक्कांसाठी उतरलेल्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी कुत्री सोडली. चार्ल्स मूर यांनी टिपलेली ती छायाचित्रे मे १९६३ च्या 'लाइफ' साप्ताहिकात आली आणि वॉरहोलने तीच जाळीवर चढवली. तंत्र तेच, पुनरावृत्ती तीच, रंगांची बेपर्वाईही तीच. या चित्रासमोर उभे राहून 'चिन्हित उरलेले नाही' असे म्हणण्याचे धाडस ज्याला होईल त्याने ते करावे. माणसाच्या पायाला धरलेले कुत्र्याचे दात मात्र त्या वाक्याने सुटत नाहीत. मूर यांनी आपल्या छायाचित्रांच्या वापराला हरकत घेतली आणि पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले, हा तपशीलही आपल्या व्याख्यानांत येत नाही. छायाचित्राला मालक असतो, त्यात दिसणारी माणसे असतात, आणि ते कुठे लावले जाते याला परिणाम असतो, या तीन साध्या गोष्टी 'खेळा'च्या सिद्धान्तात बसत नाहीत.

या संदर्भात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८ मे २०२३ चा निकाल साहित्याच्या अभ्यासकांनी मुळातून वाचण्याजोगा आहे. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचे छायाचित्र काढले. १९८४ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' मासिकाने ४०० डॉलर देऊन ते चित्रकाराला आधार म्हणून एकदाच वापरण्याचा परवाना घेतला आणि चित्रकार म्हणून वॉरहोलला नेमले. वॉरहोलने मात्र त्यावरून १६ चित्रांची मालिका केली. प्रिन्स २०१६ मध्ये वारल्यावर त्यातले नारिंगी चित्र एका विशेषांकाच्या मुखपृष्ठावर छापण्यासाठी वॉरहोल प्रतिष्ठानाला १०,००० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथ यांना काहीच नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताने गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. निकालाची दिशा लक्षणीय आहे. वॉरहोलने छायाचित्राला नवा अर्थ दिला की नाही, या प्रश्नापाशी न्यायालय थांबले नाही. हे चित्र या विशिष्ट प्रसंगी कशासाठी वापरले, असे त्याने विचारले. मासिकात प्रिन्सचे चित्र म्हणून छापायचे असेल तर छायाचित्र आणि स्क्रीनप्रिंट एकच काम करतात. तेच स्क्रीनप्रिंट संग्रहालयाच्या भिंतीवर टांगले असते तर उत्तर वेगळे येऊ शकले असते. न्यायमूर्ती केगन यांच्या भिन्नमतपत्रात कलेच्या परंपरेची बाजू तळमळीने मांडली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु समीक्षेने विचारायला हवा होता तो प्रश्न बहुमताने विचारला. एकाच प्रतिमेचे दोन वापर या दोन कृती असतात.

हा प्रश्न घेऊन आपल्या मुलखात येऊ. इथे लगेच तिसरा पक्ष उभा राहतो, तो देशीवादाचा. त्याचे म्हणणे असे की पॉप आर्ट आम्हांला नवी नाही. चित्रशाळा प्रेस पुण्यात १८७८ मध्ये निघाला, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेला. तेव्हापासून देवदेवतांच्या हजारो छापील तसबिरी घराघरांत आहेत. त्यांवर आमच्या आज्या-पणज्यांनी जरी शिवली, टिकल्या लावल्या, लक्ष्मीला खऱ्या कापडाचे लुगडे नेसवले, कृष्णाच्या गळ्यात मोत्यांचा सर चिकटवला. छाप आहे, संमिश्र माध्यम आहे, लोकप्रियता आहे. तेव्हा हीच आमची पॉप आर्ट, आणि तीही अमेरिकेच्या साठ-सत्तर वर्षे आधीची!

साताऱ्या-वाईच्या आणि सांगली-मिरजेच्या जुन्या वाड्यांत अशा तसबिरी पाहायला मिळत. त्यांचे मोल प्रस्तुत लेखकाला कमी वाटत नाही. साम्येही थोडी नाहीत. वॉरहोलने १९८० च्या सुमारास छापांवर चमकणारी पूड पसरून 'डायमंड डस्ट'ची चित्रे केली. १९६२ मध्येच त्याने सोनेरी पृष्ठभूमीवर मन्रोचा एकटा चेहरा बसवला होता, आणि लहानपणी पिट्सबर्गच्या बायझंटाइन कॅथलिक चर्चमध्ये त्याने पाहिलेल्या सोनेरी संतप्रतिमांशी त्याचे नाते समीक्षकांनी जोडले आहे. पण दिसण्यातल्या साम्यावरून वंशावळ मांडणे ही समीक्षा नव्हे, भाटगिरी आहे. लक्ष्मीला जरीचा काठ शिवणारी बाई त्या छापाकडे 'छाप' म्हणून बोट दाखवत नव्हती. ती त्याला आपल्या घरातले करत होती. बाजारातून आलेल्या, शेजारणीकडेही तीच असलेल्या प्रतिमेवर ती आपल्या हाताचा शिक्का उमटवत होती. वॉरहोल नेमका हाताचा शिक्का पुसण्याच्या मागे होता. दोघांचे साहित्य सारखे असले तरी उद्योग परस्परविरुद्ध आहेत, आणि ही विरुद्धता हाच अभ्यासाचा विषय आहे. देशीवाद्याला ती दिसत नाही, कारण त्याला वापरात रस नाही; त्याला अग्रहक्क हवा आहे. त्या बाईने निवडलेली तसबीर कोणती होती, जरी कुठल्या जुन्या शालूची होती, सुईचा टाका कोणता, देवघरात लागली की माजघरात, हे टिपून ठेवणारा एक तरी मराठी समीक्षालेख दाखवावा. या तसबिरींचा विचार ग्रंथरूपाने झाला तो ख्रिस्तोफर पिनी यांच्या 'फोटोज ऑफ द गॉड्स' (२००४) आणि कजरी जैन यांच्या 'गॉड्स इन द बझार' (२००७) यांसारख्या पुस्तकांत, म्हणजे इंग्रजीत आणि बाहेर.

वाल्टर बेन्यामिनचा या विषयातला निबंध सर्वजण उद्धृत करतात. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे वलय झडते, हे त्याचे सुप्रसिद्ध प्रतिपादन. आपल्याकडे छापाला गंध लागले, फुले वाहिली, उदबत्ती फिरली की वलय नव्याने चढते. त्यामुळे ते विधान इथे जसेच्या तसे चालत नाही. तरी बेन्यामिनचा दुसरा, अधिक मोलाचा मुद्दा असा की प्रत ही मूळ वस्तू जिथे जाऊ शकत नाही तिथे जाते. औंधचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. सातारा जिल्ह्यातल्या या लहानशा संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये छापून निघाले. १९३८ मध्ये उभारलेल्या त्यांच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्पही आहे. रविवर्म्याचा मूळ हात पाहायचा तर टेकडी चढून तिथे जावे लागते. त्याच रविवर्म्याचे छाप मात्र खालच्या गावांत, टेकडीवर कधीही न गेलेल्या माणसांच्या भिंतींवर, गंध लावून बसले होते. मूळ आणि प्रत यांची फारकत पाहायला न्यूयॉर्क गाठण्याचे कारण नव्हते.

याच औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडलजवळ, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडे त्यामागून आली. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे सातवळेकरांकडे शिकलेले चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे कामही त्यांनी केले. चित्रकार, जाहिरातकार आणि संपादक एकाच देहात! पण आपल्या वाङ्मयेतिहासांत 'किर्लोस्कर' येते ते कथा, निबंध आणि समाजसुधारणा यांच्यासाठी. त्याच पानांवरचे छायाचित्रांचे ठसे, मुखपृष्ठे, जाहिराती आणि व्यंगचित्रे यांच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने ढुंकून पाहिले नाही. जणू वाचक पानाचा मजकुराचा भाग कातरून तेवढाच वाचत होता. बांधीव अंकांतून जाहिरातींची पाने काढून टाकण्याची आपल्या ग्रंथालयांची पद्धत या वाङ्मयदृष्टीला साजेशीच म्हणायची.

इथवरचे सारे कोणी सुखवस्तू चर्चा म्हणून ऐकून घेईल. मिरजेबाबत ती सवलत मिळत नाही.

सप्टेंबर २००९ च्या पहिल्या आठवड्यात, गणेशविसर्जनाच्या तोंडावर, मिरजेत एका कमानीवर लावलेल्या अफझलखानवधाच्या चित्रावरून वाद पेटला. त्याची दंगल झाली, शहरात संचारबंदी लागली, अनेक मंडळांच्या मूर्तींचे विसर्जन खोळंबले, आणि दंगलीचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. विधानसभेच्या निवडणुका पुढच्याच महिन्यात होत्या. मूळ घटना दहा नोव्हेंबर १६५९ ची, सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याची. खानाची कबरही तिथेच आहे. प्रतापगड ते मिरज हे अंतर या चित्राने किती वेळा, कोणकोणत्या रूपांत कापले असेल! शालेय पुस्तकातले रेखाचित्र, दिनदर्शिकेवरचा छाप, गडावर विकली जाणारी चित्रे, चित्रपटाचे भित्तिपत्रक, मंडपातला देखावा, आणि शेवटी कमान. आकृतिबंध तोच: दोन देह, एक आलिंगन, एक वाघनख. पाठ्यपुस्तकातल्या त्या चित्राखाली सर्व धर्मांची मुले शेजारी शेजारी बसून प्रश्नांची उत्तरे लिहीत आली आहेत. मग कमानीवर असे काय झाले?

आपल्या तिन्ही पक्षांना हा प्रश्न विचारून पाहावा. रूपवादी सांगेल की दोन देहांच्या रचनेत विरोधलय उत्कट आहे. ते खरेही असेल. पण ती लय पाठ्यपुस्तकातही तितकीच होती. चिन्हांचा खेळ पाहणारा सांगेल की इतक्या आवृत्त्यांतून फिरलेली प्रतिमा आता तरंगते चिन्हक झाली आहे. तरंगत्या चिन्हकासाठी संचारबंदी लावावी लागत नाही. देशीवादी सांगेल की हे आपल्या मातीतले लोकचित्र आहे. 'आपल्या' म्हणजे कोणाच्या, हाच तर त्या आठवड्यातला वाद होता.

सुशिक्षितांच्या बैठकीतून त्या वेळी दोन वाक्ये ऐकू येत. एक, 'हा इतिहास आहे, त्यात आक्षेप घेण्यासारखे काय?' दुसरे, 'एवढ्याशा चित्रावरून भडकायचे काय?' दोन्ही वाक्यांत चित्र नाहीसे होते. पहिल्यात ते घटनेत विरघळते, दुसऱ्यात ते क्षुल्लक होते. घटना घडली याविषयी वाद नव्हता; आणि चित्र क्षुल्लक असते तर ते लावण्याचा आग्रहही धरला गेला नसता. चित्र लावणाऱ्याला आणि चित्राला हरकत घेणाऱ्याला, दोघांनाही, त्याचे सामर्थ्य आपल्या प्राध्यापकांपेक्षा अधिक नेमके समजले होते. तसबिरीपुढे माणूस आपण होऊन उभा राहतो, पाठ्यपुस्तक तो उघडतो. कमानीखालून मात्र त्याला जावे लागते. रस्ता सर्वांचा असतो आणि कमान रस्त्याला तोरण चढवून त्याला एका बाजूचा करते. आकार, उंची, स्थान, दिवस आणि निवडणुकीचा महिना हे चित्राबाहेरचे तपशील नव्हेत. त्या वेळी ते चित्रच होते. याचा अर्थ असे चित्र कुठेच लागू नये असा नाही आणि हरकतीला उत्तर म्हणून दगड उचलावा असाही नाही. त्याचा अर्थ इतकाच की हे चित्र वाचायचे तर कमान वाचावी लागेल, आणि कमान वाचण्याचे एकही साधन आपल्या समीक्षेजवळ नव्हते.

याच कथेवर आपल्याकडे पूर्वी एकदा न्यायालयात चर्चा झाली होती. १८९७ च्या जूनमध्ये पुण्याच्या शिवोत्सवात खानाच्या वधाच्या नैतिकतेवर व्याख्याने झाली, त्यांचे वृत्त 'केसरी'त आले, आणि त्यावरून टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सतराव्या शतकातली गोष्ट तीच; पण प्लेगच्या आणि रँडच्या वर्षात, उत्सवात आणि वृत्तपत्रात ती सांगणे ही निराळी कृती आहे, हे सरकारने ओळखले होते. टिळकांनी तर ते आधीच ओळखले होते. अर्थ वापरात असतो हे वसाहतीच्या फौजदारी वकिलाला कळत होते.

यानंतर साहित्याकडे वळतो, कारण हा विषय चित्रकलेचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून उठून जाणारे असतातच. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९८३ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने पोस्टर म्हणून काढली. गांधी हा आपल्या प्रजासत्ताकातला सर्वांत जास्त पुनर्मुद्रित चेहरा: तिकिटांवर, कचेऱ्यांच्या भिंतींवर, पुढे नोटांवर. गुर्जरांची कविता त्या चेहऱ्याला मुंबईच्या गल्लीबोळांतून फिरवते, आणि ती स्वतःही भिंतीवर लागणारा छाप होऊन येते. मराठीत पॉप आर्टच्या नेमक्या अर्थाने, म्हणजे सर्वत्र छापल्या गेलेल्या प्रतिमेला तिच्या नेहमीच्या वापरातून उपटून दुसऱ्या भिंतीवर लावण्याच्या अर्थाने, काही घडले असेल तर ते इथे. १९९४ मध्ये ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, सभासदांपुरत्या असलेल्या पत्रिकेत छापली गेली. अश्लीलतेचा खटला उभा राहिला तो या छपाईवरून. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये निकाल देताना ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीचे नाव घेऊन तिच्या तोंडी असे शब्द घालणे काव्यस्वातंत्र्यात बसत नाही असे धरले. आधीच क्षमा मागितलेल्या संपादकाला वगळले आणि कवीला खटल्याला सामोरे जायला सांगितले.

या निकालावर मराठीत जे लिहिले गेले त्याचा सूर प्रायः अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. तो सूर योग्यच होता आणि कवीच्या पाठीशी उभे राहणे आवश्यकही होते. पण त्यात समीक्षा किती होती? पोस्टर असताना अकरा वर्षे जी कविता भिंतीवर राहू शकली ती पत्रिकेत येताच गुन्हा का ठरली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा होता. कवितेतला 'गांधी' हा माणूस आहे, की सरकारी भिंतीवरची तसबीर आहे, याचे उत्तर आपण सैद्धान्तिक काटेकोरपणे दिले असते तर निदान वकिलांच्या हाती काही लागले असते. न्यायालयाने तो माणूस मानला. प्रस्तुत लेखकाच्या मते ती तसबीर आहे, आणि कवितेचा सगळा संताप तसबिरीच्या धन्यांवर आहे. परंतु हे दाखवण्यासाठी लागणारी परिभाषा आपण तयार केलेली नव्हती. आपण लय मोजत होतो, नाहीतर खेळ पाहत होतो.

आता स्क्रीनची जाळी मागे पडली आहे. फ्लेक्सला जाळी लागत नाही, शाई ओढणारा हात लागत नाही, रंग एकमेकांवर बसवण्याचे कसब लागत नाही. संगणकावर छायाचित्रे कातरून जोडायची, मागे गड, वर महाराज, खाली नेता, कडेला 'शुभेच्छुक' म्हणून टिकलीएवढ्या चेहऱ्यांची रांग. मग तीच फाइल वाढदिवसाला एका मापात आणि मोर्चाला दुसऱ्या मापात काढायची. कराड, विटा, इस्लामपूर, तासगाव, कुठल्याही चौकात उभे राहावे. चेहऱ्याचा आकार आणि पक्षातले स्थान यांचे प्रमाण इतके काटेकोर असते की मध्ययुगीन चित्रकाराने हेवा करावा. कुठला चेहरा यंदा लहान झाला, कुठला गळला, हे गावातला प्रत्येक माणूस वाचतो. पूर्वी साखर कारखान्याच्या दिनदर्शिकेवर संस्थापकांचे जे एकच छायाचित्र असे, त्याच्या या वारसांना 'अभिरुचीहीन' म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, आणि 'उत्तर-आधुनिक' म्हणून गौरवणे त्याहून सोपे. दोन्हींमध्ये वाचन नाही.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मधली, म्हणजे वॉरहोलच्या मेरिलिनच्याच वर्षातली. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तिथल्या एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने पॉप आर्टवर प्रबंध लिहायचे ठरवले, तर त्याने बोद्रियारचे प्रकरण शेवटी ठेवावे. आधी एका तालुक्यातली एकच प्रतिमा धरावी आणि ती कोणकोणत्या भिंतींवर गेली ते तारीखवार नोंदवावे: कोणी लावली, किती उंचीवर, कोणत्या आकारात, कोणाच्या खर्चाने, कोणी उतरवली. मिळतील त्या जरीच्या तसबिरी आता उतरवून पाठीमागूनही पाहाव्यात. जुन्या वाड्यांतून त्या झपाट्याने दलालांकडे जात आहेत आणि शहरातल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर शोभेला लागत आहेत. तिथे जाताना काच बदलली जाते, मागचा पुठ्ठा काढून टाकला जातो. आणि चौकट करून देणाऱ्या दुकानाचा शिक्का, तसबीर कोणाच्या लग्नात आली त्याची शाईने केलेली नोंद, असे जे काही असते ते त्या पुठ्ठ्यावरच असते.